खांद्यावरचा हात

चित्र परत आल्याचं कळलं तेव्हा आई पलीकडच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत होती, म्हणजे त्याला थपडा मारत होती. दोन थपडांच्या मधल्या शांततेत माझ्या स्क्रीनवर ती ओळ उमटली. तांत्रिक गुणवत्ता अपुरी. शरीररचनेत दोष, हात. तिच्या खाली, जरा बारीक अक्षरात : हा दोष आपल्या कामात याआधीही आढळला आहे, पुन्हा आढळल्यास खाते कायमचे बंद करण्यात येईल. चित्रं परत येणं मला नवं नाही. शाळेतून लवकर घरी आलेल्या पोराशी बोलावं तशी मी त्यांच्याशी बोलते, काय झालं, कुठं दुखतंय, दाखव. या वेळी मात्र तसं काही विचारायचं सुचलं नाही. मी ओळ पुन्हा वाचली. हात. बाकी कशाबद्दल तक्रार नव्हती. खिडकी पास होती, पडदा पास होता, मुलीचे केस पास होते. केस पास होणं म्हणजे काय हे ज्यानं एकेक केसाच्या कडेची पांढरी रेघ पुसली आहे त्यालाच कळेल. आणि नापास कोण, तर हात. त्या अख्ख्या चित्रात खरी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती तो हात. माझा.

माझं काम सांगायला सोपं आहे आणि पटवायला अवघड. मी यंत्राला शब्द देते, ते मला चित्र देतं, मी त्या चित्रातल्या चुका काढते आणि ते चित्रं विकणाऱ्या साइटवर चढवते. कुणाला दवाखान्याच्या माहितीपत्रकासाठी हसणारी नर्स हवी असते, कुणाला विम्याच्या जाहिरातीसाठी एका छत्रीखाली मावणारं कुटुंब. ते लोक तिथून उचलतात. चित्र यंत्राचं आहे हे मी कधी लपवत नाही, तशी खूण करायची सोय असते आणि मी ती करते. आई याला ‘तुझं ते न काढलेल्या फोटोंचं दुकान’ म्हणते, आणि याहून चांगली व्याख्या मला अजून कुणी सांगितलेली नाही. यंत्राचं चित्र लांबून बघायचं असतं. जवळ गेलं की उलगडत जातं. एका कानात डूल, दुसऱ्यात लोंबता मणी. शर्टाला बटणं आहेत, काजं नाहीत. दुकानाच्या पाटीवर जी अक्षरं आहेत ती जगातल्या कुठल्याच भाषेत बसत नाहीत, पण बसत असल्याचा आव मात्र पक्का. सावली उजेडाकडेच धावलेली. आकाशात जिन्यासारखे पट्टे, अंधाऱ्या कोपऱ्यात रव्यासारखे दाणे, आणि चित्र ताणून मोठं केलं की माणसाच्या कातडीचं ताट होतं, प्लॅस्टिकचं, धुऊन पुसून ठेवलेलं. साइटचा नियम असा की चित्र शंभर टक्क्यांवर बघून निर्दोष हवं. म्हणजे चित्रातला एक ठिपका तर स्क्रीनवरचाही एकच ठिपका. तेव्हा चित्र दिसत नाही. एक गाल दिसतो, अर्धी खिडकी दिसते, चपलेचा बंद दिसतो. मी वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं जाते, फरशी पुसावी तशी. कोपरे आधी. कोपऱ्यात लोक बघत नाहीत हे घाणीलाही माहीत असतं आणि यंत्रालाही.

हे मला कुठल्या क्लासात शिकवलेलं नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होते. लांबलचक टेबल, टेबलाला काच, काचेखाली ट्यूब, आणि त्या उजेडावरून एकामागून एक सरकत जाणारे शर्ट, झगे, पायजमे. कापडातून उजेड आला की चूक लपत नाही. सुटलेला टाका डोळा मारतो. माझ्या शेजारी भिंग बसायची. तिचं नाव वेगळं होतं, पण ज्या चुका आम्हाला दिसत नसत त्या तिला दिसत, म्हणून भिंग. आमच्याकडे लाल बाणांचे स्टिकर असत, नखाएवढे, गुंडाळीत. पीस परत पाठवायचा तर दोष जिथं आहे तिथं बाण लावायचा, नाहीतर परत पाठवायचा नाही, हा तिथला कायदा होता. मालकानं केलेला नव्हे. शिलाईवाल्यांनी भांडून मिळवलेला. कारण त्याआधी एक सुपरवायझर होता, तो नुसता पीस भिरकावून म्हणायचा, ‘खराब आहे.’ कुठं खराब आहे? ‘बघा की.’ एकदा एका शिलाईवालीनं तो शर्ट उलटा करून, सुलटा करून, उजेडाला धरून, शेवटी त्याच्याच अंगावर घालून दाखवला आणि म्हणाली, आता दाखवा. त्याला दाखवता येईना. त्या दिवसापासून बाण. मला त्या बाणाचा फार अभिमान होता. बाण म्हणजे मी म्हणते आहे आणि मी इथं बसले आहे, यायचं तर या, असा निरोप असायचा. यायच्याही. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, ‘कुठं गं, दाखव,’ म्हणायच्या, मी दाखवायचे, त्या मला दोन शब्द ऐकवायच्या, आणि दोष उसवून दुरुस्त व्हायचा. मग टेबलावर वरून एक कॅमेरा आला. तो बाण लावायचा नाही. त्याचा नुसता लाल दिवा लागायचा. शिलाईवाल्या पीस घेऊन आमच्याकडेच यायच्या, ‘बाई, याला काय दिसलं गं?’ आणि आम्ही डोळे फोडून त्याला काय दिसलं ते शोधायचो. थोड्याच दिवसांत आमची खुर्चीही उचलली. जाताना मी बाणांची एक गुंडाळी पिशवीत टाकली. कुणी विचारलं नाही.

तर मी त्या हाताकडे शंभर टक्क्यांवर बघायला लागले. चित्र साधं आहे. एक बाप आणि एक मुलगी खिडकीशी उभे, मुलगी बाहेर बघते आहे, बापाचं डोकं चित्राच्या वरच्या कडेबाहेर गेलं आहे. अशी बिनडोक्याची चित्रं जास्त उचलली जातात, ज्याला जो बाप हवा तो त्यानं वरती लावावा. यंत्रानं खोली सुरेख दिली, उजेड तर असा दिला की मला हेवा वाटला. हात मात्र देईना. एकदा बोटं फ्रॉकमध्ये वितळली, लोण्यात सुरी जावी तशी. एकदा दोन्ही बाजूंनी अंगठे. एकदा तर हात मुलीच्या पाठीतूनच उगवला, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं, ती आपली बाहेर बघत होती. शेवटी मी कंटाळले, कंटाळले म्हणजे चिडले. खुर्ची खिडकीशी ओढली, तिच्या पाठीवर उशी उभी केली, आईला ती धरायला लावली, आणि माझा उजवा हात त्या उशीवर ठेवून फोटो काढला. उजेड जुळवला, यंत्राच्या चित्राला जेवढा दाणा होता तेवढा हाताला दिला, मनगटावर शर्टाचा कफ चढवला, कातडी जरा उन्हातली केली. बायकांचे हात आणि पुरुषांचे हात यांत जेवढा फरक लोक समजतात तेवढा नसतो. कामं केलेली असली की बरंच काही मिटतं. तो जोड मी असा बसवला की मलाच सापडेना. कडा स्वच्छ. सावली योग्य दिशेला. नखांवर उजेड खिडकीचाच. आता मी दोनशे टक्क्यांवर गेले, जिथं जायची कुणी सक्ती करत नाही, आणि अंगठ्यापासून निघून बोटं ओलांडत करंगळीशी आले.

करंगळी वाकडी आहे. शेवटच्या पेराशी ती आत वळते आणि शेजारच्या बोटाला टेकते, बसमध्ये शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून कुणी झोपावं तशी. जन्मापासून. टाइप करताना तिचा हिसका शेजारच्या अक्षराला लागतो, त्यामुळे माझ्या निरोपांत एक फालतू अक्षर पाहुणं म्हणून येतंच. रोजचं बोट कोण बघतं? मी ती उशीवर ठेवली, कापली, जोडली, चढवली, आणि एकदाही बघितली नाही. आता ती स्क्रीनभर पसरली होती आणि तिच्याखाली एका लहान मुलीच्या फ्रॉकची शिवण होती. आणि मला आधी वजन आठवलं. बोट नव्हे, चित्र नव्हे, वजन. उजव्या खांद्यावर, मानेच्या जरा बाजूला, लहानपणी रस्ता ओलांडण्याआधी येणारं. ‘थांब’ म्हणायच्याऐवजी येणारं. आणि गाड्या गेल्या की ते हलकं व्हायचं, म्हणजे चला.

आमच्या घरात एक फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेला डोंगर. स्टुलावर मी, फ्रॉक घातलेली, तोंड वाकडं केलेली. डावीकडे आई, तरुण, मान ताठ. उजवीकडे फोटो संपतो. तो जिथं संपतो तिथली कड सरळ नाही, कात्रीनं खालून वर येताना माझ्या खांद्यापाशी वळसा घेतला आहे, नकाशात नदी वळते तसा, आणि त्या वळशाच्या आत एक हात राहिला आहे. मनगट, कफचा एक तुकडा, हात. त्या हाताला माणूस नाही. माझा बाप गेला, म्हणजे मेला नाही, गेला. आई या दोन क्रियांमधला फरक अजून कडक पाळते. तो गेला त्या आठवड्यात तिनं घरातल्या सगळ्या फोटोंतून त्याला कापून काढलं, नीट, शांतपणे, जसं काही ते करायला कुणी सांगितलं आहे. या एकात हात काढायचा तर माझा खांदाही गेला असता. म्हणून हात राहिला. लहानपणी मला तो फोटो विचित्र वाटायचा नाही. मला वाटायचं सगळ्यांच्या खांद्यावर असा एक सुटा हात असतो. आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जास्तीचा अवयव, स्रोत अस्पष्ट, चित्र बाद. तेव्हा कुणी तपासलं नाही म्हणून ते टिकलं. त्या हाताची करंगळी शेवटच्या पेराशी आत वळते आणि शेजारच्या बोटाला टेकते.

बाप गेल्यानंतरच्या दिवसांत आई रोज जेवणानंतर माझ्या करंगळीला पुठ्ठ्याची पट्टी बांधायची. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, वरून जुन्या चादरीची चिंधी. ‘हाड कोवळं आहे, होईल सरळ,’ म्हणायची. कुणाशी बोलायची कोण जाणे, माझ्याकडे बघून तर म्हणायची नाही. मी पांघरुणात शिरले की दातानं गाठ सोडायचे. सकाळी ती विचारायची, ‘सुटलं कसं?’ मी म्हणायचे, ‘झोपेत.’ ती पुन्हा बांधायची, मी पुन्हा सोडायचे. आम्ही दोघी त्या गाठीवरून महिनोन्‌महिने भांडलो आणि एकदाही आवाज चढवला नाही. मी तेव्हा का सोडत होते? बापासाठी? छे. मला त्याची आठवणसुद्धा धड नव्हती. चेहरा कात्रीबरोबर गेला होता. दुखायचं म्हणून, आणि शिवाय ते माझं होतं म्हणून. दुसरं कारण मला आज सुचतंय असं नाही, तेव्हाही ठाऊक होतं, फक्त त्याला बोलायला जागा नव्हती.

मी भिंगला फोन लावला. तीही आता हेच काम करते, माझ्याआधी तिनं सुरू केलं, मला या नादाला तिनंच लावलं. परत आलेलं चित्र तिला पाठवलं. तिच्या मागे कुकरची शिटी झाली.

“जोड झकास बसवलायस,” ती म्हणाली. “करंगळीनं घात केला.”

“करंगळी खरी आहे. माझी आहे.”

“ते मला माहीत आहे गं बये, मी तुझ्या शेजारी जन्म काढलाय. त्या तपासणाऱ्याला माहीत नाही ना. तो दिवसभर वाकडी बोटं बघतो, यंत्रानं वाकडी केलेली. त्याला वाटणार ही त्यातलीच.”

“मग त्यानं बाण लावायचा.”

“कसला बाण?”

“दोष कुठं आहे ते दाखवायचं. नुसतं हात म्हणजे काय? हात केवढा मोठा असतो.”

“ए, कारखाना सुटला आपला. आता बाण नाही, दिवा आहे. लाल लागला की लाल.” मग तिचा आवाज खाली आला. “ऐक. बोट सरळ कर आणि चढव. तुझी सगळी चित्रं त्या खात्यात आहेत. खातं गेलं की ती गेली, सगळी, पहिल्यापासूनची. एका करंगळीपायी?”

“फेरतपासणी मागता येते.”

“येते की. आणि ती लागली विरोधात, की तोच दोष पुन्हा आढळला म्हणून कुलूप. माझ्या ओळखीत एकीचं झालंय. रडत माझ्याकडे येऊ नकोस मग.”

“आले तर चहा देशील का नाही?”

“देईन गं. पण ऐकवीन आधी.”

फोन ठेवला तेव्हा थपडा थांबल्या होत्या. आई माझ्या खुर्चीमागे उभी होती. ती अशीच येते, गुडघे कुरकुरतात पण पाय वाजत नाहीत. स्क्रीनवर अजून दोनशे टक्क्यांवरचा तो हात होता, खांदा आणि शिवण.

“हा इथं कसा आला?” आई म्हणाली.

“कोण?”

“कोण म्हणून मलाच विचार.”

“आई, माझा हात आहे तो. तूच नाही का उशी धरून उभी होतीस?”

“तेव्हा तुझा होता,” आई म्हणाली. “आता बघ.” तिनं चष्मा वर केला, खाली केला, पुढे वाकली. तिच्या श्वासाला औषधाच्या गोळीचा वास होता. मी चित्र लहान केलं, पूर्ण दिसेल असं. खिडकी, मुलगी, वरती डोकं नसलेला बाप. ते चित्र मी इतके दिवस पट्ट्यापट्ट्यानं बघितलं होतं की पूर्ण असं बहुधा बघितलंच नव्हतं. आईनं एका नजरेत बघितलं. “डोकंही नाही ठेवलंस,” ती म्हणाली. “माझ्याकडूनच शिकलीस.”

मला हसू आलं, आणि ते तिला चाललं नाही.

“परत का पाठवलं त्यांनी?”

“करंगळी वाकडी आहे म्हणून.”

“बरोबरच आहे त्यांचं. सरळ करून टाक. तुझ्या त्या यंत्राला येत नाही का? मला कोवळं हाडसुद्धा जमलं नाही, त्याला जमेल.”

त्याला जमतं, हेच तर आहे. मी करंगळीभोवती गोल काढला आणि यंत्राला म्हटलं, सरळ. चहाचा घोट घ्यायच्या आत बोट सरळ झालं. दुखलं नाही, पुठ्ठा लागला नाही, कुणी दातानं गाठ सोडली नाही. सुंदर बोट होतं, नखासकट, उजेडासकट, पिक्सेल न्‌ पिक्सेल स्वच्छ. असं बोट साइटला शंभर वेळा पास होईल. आणि तो हात बघताक्षणी कुणाचाच उरला नाही. आत्तापर्यंत चित्रात एक माणूस नव्हता पण त्याचा हात होता. आता हातही नव्हता, हाताची जागा होती, जाहिरातवाल्याला काहीही लिहायला मोकळी. मी लहानपणापासून ज्या बोटानं शेजारचं अक्षर दाबत आले, ज्यानं काचेवरून शर्ट सरकवले, बाण चिकटवताना जे नेहमी मधे यायचं, त्याला या लोकांनी न बघता चूक म्हटलं होतं, आणि चूक म्हणताना कुठं हेही सांगितलं नव्हतं. मला बाप परत नको होता. आज आला तर मी त्याला दारातच उभं करीन आणि पाण्याचंसुद्धा विचारणार नाही. त्यानं आईच्या खांद्यावर काय ठेवून दिलं हे मला पाठ आहे. पण बोट नापास? माझं? जे यंत्राला येत नाही ते चूक, आणि यंत्राला येतं ते बरोबर, हा कायदा कुठल्या टेबलावर झाला, तेव्हा शिलाईवाल्या कुठं होत्या? मी ते सरळ बोट पुसून टाकलं. वाकडं परत आलं, आणि शेजारच्या बोटाला टेकलं.

“का पुसलंस?” आई म्हणाली. “छान झालं होतं.”

“माझं बोट आहे ते.”

“त्याचं आहे.”

“मग नेलं का नाही त्यानं जाताना? इथंच टाकून गेला ना? आता ज्यानं वापरलं त्याचं.”

 आईचा खालचा ओठ हलला, तोंडात सुपारी असल्यासारखा, पण सुपारी नव्हती. मी कपाट उघडलं आणि शिवणाच्या डब्यातून ती गुंडाळी काढली. लाल बाण जरा विटले होते, गुलाबीकडे झुकले होते, डिंक मात्र जसाच्या तसा. कारखान्यानं दुसरं काही टिकाऊ केलं असेल नसेल, तो डिंक केला होता. मी एक बाण सोलला आणि स्वतःच्या करंगळीवर, शेवटच्या पेराच्या अलीकडे, लावला. टोक बरोबर वळणाकडे. मग हात खिडकीच्या उजेडात धरला आणि डाव्या हातानं फोटो काढला, काही न जोडता, काही न पुसता. नखात हळद असेल तर असू दे. फेरतपासणीच्या चौकटीत चित्राबरोबर पुरावा जोडता येतो. मी तो जोडला. खाली लिहायला जागा होती. मी लिहिलं : ‘तुम्ही दोष म्हणालात, कुठं ते दाखवलं नाही. म्हणून मीच बाण लावून पाठवत आहे. चित्र यंत्राचं आहे, तसं मी आधीच सांगितलं आहे. हात माझा आहे. तो असाच आहे. यात काय दुरुस्त करायचं ते तुमच्या तपासनिसानं स्वतःचा हात शेजारी ठेवून सांगावं.’ त्यात एका शब्दाला एक फालतू अक्षर चिकटलं होतं, नेहमीचं पाहुणं. मी ते तसंच राहू दिलं.

पाठवण्याआधी मी माझ्या खात्यातून एकदा फिरून आले. छत्रीखालचं कुटुंब. हसणारी नर्स, जिच्या दातांवर मी अख्खा दिवस घालवला होता. बागेतला म्हातारा, ज्याच्या चष्म्यात दोन वेगवेगळी झाडं दिसत होती आणि ती मी एक केली. सगळे न काढलेले, सगळे निर्दोष. त्यांना बघून मला वाईट वाटायला हवं होतं, गेली तर काय म्हणून. वाटलंही. कुणी म्हणावं तुझं घर रिकामं करतोय तेव्हा वाटावं तेवढं नव्हे, पण वाटलं. मग मी करंगळीनंच ते बटण दाबलं. साधारणपणे मी तिला बटणं दाबायला देत नाही, ती दोन दाबते. या वेळी तिनं एकच दाबलं.

“काय होईल आता?” आईनं विचारलं.

“एक तर पास होईल, नाहीतर खातं बंद होईल.”

“बंद झालं तर?”

“दुसरीकडे उघडेन.”

“तिथंही परत आलं तर?”

“तिथंही बाण मागेन.”

“कठीण आहे,” आई म्हणाली. हे ती माझ्याबद्दल नेहमी म्हणते, पण आज तिनं ते जरा आवडीनं म्हटलं, जसं एखाद्या खमंग पण चावता न येणाऱ्या गोष्टीबद्दल म्हणावं. ती आत गेली. मला वाटलं आता रेडिओच्या थपडा सुरू होतील. त्या झाल्या नाहीत. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तो फोटो होता, वळसा घेतलेल्या कडेचा. तिनं तो माझ्या कीबोर्डवर ठेवला, माझा हात धरला, पुठ्ठा बांधताना धरायची तसाच, मनगटापाशी घट्ट, आणि करंगळीवरचा बाण नखानं सोलून काढला. बरंच लक्ष देऊन तिनं तो फोटोवर लावला. हातावर नाही. हाताच्या पलीकडे, जिथं कफ संपतो आणि कागद संपतो तिथं, अगदी कडेशी, टोक बाहेरच्या बाजूला, टेबलाकडे, काहीच नाही तिकडे.

“इथं,” ती म्हणाली. “हाताला कशाला लावतेस? हात बरा होता.”

स्क्रीनवर ‘तपासणी सुरू आहे’ असं गोल गोल फिरत होतं. फिरू दे. माझ्याकडे खिडकीत अजून चांगला उजेड होता आणि तो रोज असा येत नाही. मी खुर्ची ओढली.

“आई, उशी आण. अजून एक काढून ठेवते. हे बंद झालं तर दुसरीकडे चढवायला.”

“उशी कशाला?” आई म्हणाली आणि खुर्चीत बसली, पाठ माझ्याकडे, तोंड खिडकीकडे. “हा खांदा काय पडलाय का?”

मी हात ठेवला. खांदा उशीपेक्षा टणक होता, हाडांचा, गरम. करंगळी आपोआप वळली आणि शेजारणीला टेकली. डाव्या हातात मोबाइल धरून मी चौकट जुळवू लागले, आईचं डोकं आत घ्यावं की बाहेर, आणि मग मागे सरकले, डोकं आत घेतलं, पूर्ण.

“हलू नकोस,” मी म्हटलं.

“मी कुठं हलतेय?” आई म्हणाली. “तुझा हात हलतोय.”